छापून आलेल्या शोधनिबंधात स्वतःचीच चूक सापडली; शुद्धिपत्र द्यावे की निबंध मागे घ्यावा?

हिरण्यकेशी यांचा प्रश्न

नमस्कार. मी बेळगावात राहते आणि रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे. विषय विहिरींच्या पाण्याचा आहे. घटप्रभेच्या कालव्याखाली उसाचा जो पट्टा येतो, तिथल्या काही गावांतील पिण्याच्या विहिरींचे नमुने आम्ही एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर घेतले आणि त्यांतील नायट्रेटचे प्रमाण मोजले. त्यावरचा निबंध दीड वर्षापूर्वी एका परदेशी प्रकाशकाच्या जर्नलमध्ये आला. पहिले नाव माझे, शेवटचे गाइड सरांचे आणि मध्ये आणखी दोघांची आहेत.

गेल्या महिन्यात प्रबंधाचे चौथे प्रकरण लिहिताना मी मूळ अहवालांची फाइल पुन्हा काढली. पावसाळ्यानंतरचे नमुने आमच्याच विभागात तपासले होते. उन्हाळ्यातले मात्र, आमचे यंत्र बंद असल्यामुळे, बाहेरच्या एका प्रयोगशाळेत दिले होते. त्या प्रयोगशाळेच्या तक्त्यावर 'नायट्रेट' हा शब्द ठळक आहे आणि तक्त्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'नायट्रोजन म्हणून व्यक्त' अशी ओळ आहे. ती ओळ मी त्या वेळी वाचलीच नाही.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी सांगते. नायट्रेट आयनाचे वजन ६२ धरले तर त्यात नायट्रोजनचा वाटा १४ असतो. त्यामुळे 'नायट्रोजन म्हणून' दिलेला आकडा पूर्ण नायट्रेटमध्ये आणायचा तर त्याला सुमारे ४.४३ ने गुणावे लागते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात दिलेली ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा पूर्ण नायट्रेटसाठी आहे. आमच्या तक्त्यात एका विहिरीसमोर ११.८ हा आकडा आहे आणि शेजारच्या रकान्यात 'मर्यादेत' असा शेरा आहे. गुणाकार केल्यावर तो आकडा ५२.३ झाला. मी तो कॅल्क्युलेटरवर तीनदा केला आणि मग कागदावर केला.

उन्हाळ्याचा पूर्ण रकाना असाच चुकला आहे. दोन ऋतूंची तुलना करणारा आलेख त्यामुळे खोटा ठरतो, आणि 'उन्हाळ्यात सर्व विहिरी सुरक्षित आढळल्या' हे वाक्य तर सारांशातच आहे. पावसाळ्यानंतरचे आकडे, क्लोराइड, कठिणपणा आणि नमुने घेण्याची पद्धत यांत काही चूक नाही.

गाइड सर म्हणतात, "छापून झालेल्याला आता हात लावू नये, पुढच्या निबंधात बरोबर आकडे देऊ." मला ते पटत नाही, पण त्यांच्याविरुद्ध जाण्याचे धाडसही होत नाही. म्हणून जाणकारांना विचारते. अशा चुकीला शुद्धिपत्र पुरते की निबंध मागे घ्यावा लागतो? एका लेखकाने नकार दिला तर काम अडते का? मागे घेतला तर माझ्या नावावर कायमचा डाग राहील का? आणि निबंध मागे घेतात म्हणजे नेमके काय करतात, तो पुसून टाकतात का?

---

पोथीघर

ताई, मी बेळगावातल्या एका महाविद्यालयात पंचवीस वर्षे ग्रंथपाल आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची भीती बरीचशी तिथूनच आलेली दिसते. निबंध पुसला जात नाही.

आमची थोडी जमीन पलीकडे चंदगड तालुक्यात आहे. तिथल्या सातबाऱ्यावर एखाद्याचे नाव कमी करायचे असले की ते खोडून काळे करत नाहीत. नावाला कंस घालतात आणि फेरफाराचा क्रमांक लिहितात. नाव का गेले हे ज्याला पाहायचे असेल त्याने फेरफार काढून वाचावा. चांगली जर्नले हेच करतात. मागे घेतलेल्या निबंधाची पीडीएफ जागेवरच राहते, फक्त तिच्या प्रत्येक पानावर 'रिट्रॅक्टेड' हा शब्द आडवा उमटवलेला असतो आणि शीर्षकाच्या आधीही तोच शब्द जोडतात. सोबत एक स्वतंत्र सूचना प्रसिद्ध होते. तिला स्वतःचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक असतो, ती मूळ निबंधाशी जोडलेली असते आणि मूळ निबंध पैसे मोजून वाचायचा असला तरी सूचना सर्वांना फुकट वाचता यावी अशी अपेक्षा असते. निबंध खरोखरच काढून टाकण्याची वेळ क्वचित येते. एखाद्या रुग्णाची ओळख उघड झाली, न्यायालयाचा आदेश आला किंवा त्यातल्या माहितीवर विसंबल्याने कोणाच्या जिवाला धोका असला, तरच तसे करतात. तेव्हाही शीर्षक आणि लेखकांची नावे ठेवून खाली कारण लिहितात.

शब्दांचा घोळ पुष्कळ आहे. जुन्या रिवाजाप्रमाणे छापणाऱ्याकडून झालेल्या चुकीच्या दुरुस्तीला इरॅटम आणि लेखकाकडून झालेल्या चुकीच्या दुरुस्तीला कॉरिजेंडम म्हणत. आता बरीच जर्नले सरळ 'प्रकाशकाची दुरुस्ती' आणि 'लेखकाची दुरुस्ती' असे म्हणतात. मराठी पुस्तकांच्या शेवटी पूर्वी 'अशुद्ध' आणि 'शुद्ध' अशा दोन रकान्यांचे शुद्धिपत्र चिकटवलेले असे, त्याचाच हा भाऊ. याखेरीज 'एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न' नावाची तिसरी सूचना असते: निबंधावर गंभीर शंका आहे, चौकशी चालू आहे, तोवर वाचकाने जपून वाचावे, एवढेच ती सांगते. तुमच्या बाबतीत शंका उरलेलीच नाही, त्यामुळे तिचा प्रश्न येत नाही.

माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. दुरुस्ती छापली जाते, पण ती वाचकापर्यंत चालत जात नाही. आमच्याकडे छापील जर्नलांचे बांधीव खंड येत तेव्हा मार्चच्या अंकातली चूक नोव्हेंबरच्या अंकात शेवटच्या पानावर चार ओळींत दुरुस्त केलेली असे. मार्चचा खंड उघडणारा विद्यार्थी नोव्हेंबरचा कशाला उघडेल? म्हणून मी मूळ निबंधाच्या पहिल्या पानावर, समासात, पेन्सिलीने 'दुरुस्ती पाहा' असे लिहून पुढच्या अंकाचा पान क्रमांक टाकत असे. एका प्राध्यापकांनी ग्रंथालयाचे पुस्तक खराब केले म्हणून माझी तक्रारही केली होती.

आता ती पेन्सिल यंत्राकडे गेली आहे. क्रॉसरेफ ही संस्था डीओआय क्रमांकांची नोंद ठेवते. तिने २०१२ मध्ये क्रॉसमार्क सुरू केले. निबंधाच्या पानावरचे ते छोटे चिन्ह दाबले की त्यात दुरुस्ती झाली आहे का, तो मागे घेतला आहे का, हे कळते. इव्हान ओरान्स्की आणि अॅडम मार्कस यांनी २०१० मध्ये रिट्रॅक्शन वॉच सुरू केले. त्यांची मागे घेतलेल्या निबंधांची यादी २०२३ मध्ये क्रॉसरेफने विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. संदर्भ ठेवायला झोटेरो वापरत असाल तर २०१९ पासून ते याच यादीशी ताडून पाहते, आणि तुमच्या संग्रहातला निबंध मागे घेतलेला असला तर लाल पट्टी दाखवते. पबमेड ही वैद्यकीय निबंधांची सूचीही असे निबंध वगळत नाही, त्यांच्यावर तशी खूण करते. पण पेनड्राइव्हवर उतरवून घेतलेल्या किंवा व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफला यातले काहीच कळत नाही. प्रबंध लिहीत आहातच, तर तुमच्या संदर्भसूचीतले निबंधही एकदा या यादीशी ताडून पाहा.

---

शहापूरकर

सगळे कायद्याने बोलत आहेत, मी व्यवहाराचे बोलतो. ताई, तुमचा प्रबंध अजून सादर व्हायचा आहे आणि सही गाइडची लागते. विद्यापीठात 'रिट्रॅक्शन' हा शब्द ऐकला की लोक वाङ्मयचौर्य समजतात, मागचे-पुढचे कोणी वाचत नाही. २०१८ च्या यूजीसी नियमांत वेतनवाढ रोखण्यापर्यंत शिक्षा आहेत. त्यातच एनआयआरएफने, म्हणजे संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीने, २०२५ पासून मागे घेतलेल्या निबंधांसाठी संस्थेचे गुण कापायला सुरुवात केली आहे. संस्थाच तुमच्यावर नाराज होईल. आधी पदवी पदरात पाडून घ्या, मग पाहिजे तेवढी शुद्धिपत्रे द्या. निबंध किती जणांनी वाचला असेल? वीस?

---

मार्कंडेयकाठ

मी आठ वर्षे एका रसायनशास्त्रीय जर्नलचा सहसंपादक होतो आणि आता निवृत्त आहे. शहापूरकरांचे म्हणणे कडू असले तरी त्यातला निम्मा भाग खरा आहे, म्हणून आधी उरलेल्या निम्म्याचे पाहू. यूजीसीचे २०१८ चे ते नियम वाङ्मयचौर्यासाठी आहेत. त्यांत साम्याचे टक्के पाहून पायऱ्या ठरवल्या आहेत: १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, १० ते ४० पर्यंत हस्तलिखित मागे घ्यायचे, ४० ते ६० पर्यंत त्याखेरीज एक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षे नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, ६० च्या वर गेले तर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षे. एकक वाचायला चुकणे यातल्या कोणत्याच पायरीवर बसत नाही. एनआयआरएफबद्दल मात्र मला शहापूरकरांइतकीच चिंता वाटते. प्रामाणिक चूक आणि लबाडी यांना एकाच तराजूत टाकून गुण कापले, तर उद्या विभागप्रमुखच विद्यार्थ्याला गप्प बसायला सांगेल.

आता मूळ प्रश्न. पोथीघरांचा उताऱ्याचा दाखला मी पुढे नेतो. खरेदीखतात सर्व्हे नंबर चुकून पडला असेल तर चूकदुरुस्ती दस्त करतात आणि मूळ खत कायम राहते. पण विकणाऱ्याला विकण्याचा अधिकारच नव्हता असे निघाले तर खतच रद्द करावे लागते. संपादकही असाच विचार करतो. चूक कोणाची, किती लाजिरवाणी, हे तो नंतर पाहतो. चूक दुरुस्त केल्यावर निबंधाचा मुख्य निष्कर्ष उभा राहतो का, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या काही वैद्यकीय संपादकांनी सुरू केलेली कोप ही संस्था याबाबतचे मार्गदर्शन करते आणि बहुतेक मोठी जर्नले ते मानतात. निष्कर्ष विश्वासार्ह राहिले नसतील तर निबंध मागे घ्यावा, मग त्याचे कारण लबाडी असो की प्रामाणिक चूक, असे ती सांगते. तिचे दुसरे म्हणणे मी माझ्या टेबलावर लिहून ठेवले होते: निबंध मागे घेणे ही लेखकाला दिलेली शिक्षा नव्हे, वाचकाला दिलेली सूचना आहे.

तुमच्या निबंधाचे दोन भाग पडतात. अर्धा डेटा शाबूत आहे. उरलेल्या अर्ध्यातही मोजमाप चुकलेले नाही, एककाचा अर्थ लावताना चूक झाली आहे आणि एका गुणाकाराने ती सुधारते. हे शुद्धिपत्राच्या बाजूने जाते. पण सारांशातले वाक्य उलटे होत आहे, आलेख बदलतो आहे आणि चर्चेचा भागही नव्याने लिहावा लागणार आहे. हे मागे घेण्याच्या बाजूने जाते. अशा मधल्या प्रकरणांसाठी काही जर्नले तिसरा मार्ग काढतात. जुना निबंध मागे घेऊन त्याच जागी सुधारलेला प्रसिद्ध करतात, आणि काय बदलले तेही दाखवतात. जामा समूहाच्या वैद्यकीय जर्नलांनी ही पद्धत सर्वदूर पसरलेल्या पण प्रामाणिक चुकांसाठी वापरली आहे. निर्णय शेवटी संपादकाचा असतो. तुम्ही पत्रात 'शुद्धिपत्र द्या' असा हट्ट धरू नका आणि 'मागे घ्या' अशी याचनाही करू नका. काय झाले ते सांगा आणि दोन्हींची तयारी दाखवा.

पत्र मुख्य संपादकांना लिहायचे असते. निबंधाचे शीर्षक, डीओआय, कोणता तक्ता, कोणता रकाना, कोणता आलेख, चूक कशी झाली, ती कधी व कोणाच्या लक्षात आली, सुधारलेले आकडे, आणि सारांश व निष्कर्षातली कोणती वाक्ये बदलतील, हे सगळे त्यात असावे. बाहेरच्या प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत जोडा, ती बारीक अक्षरांची ओळ दिसेल अशी. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत अर्धीअधिक 'अनवधानाने काही त्रुटी राहून गेल्या' अशा गुळगुळीत भाषेची असत. मग चार वेळा उलट विचारावे लागे आणि त्यात तीन महिने जात. तुम्ही इथे प्रश्नात जसे लिहिले आहे तसेच तिथे लिहिलेत तर संपादक दुवा देईल. तरीही काही महिने धरून चाला, कारण सुधारलेली गणिते बहुधा पुन्हा परीक्षकांकडे जातील.

सहलेखकाच्या नकाराने काम अडत नाही. सर्वांची संमती असावी ही अपेक्षा असते; पण कोणी असहमत असेल तर संपादक आपल्या अधिकारात सूचना काढू शकतो, आणि कोण असहमत आहे याची नोंद सूचनेत करतात. लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधल्या १९९८ च्या त्या कुप्रसिद्ध निबंधाचे उदाहरण पाहा. लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध सुचवणाऱ्या त्या निबंधाच्या १३ लेखकांपैकी १० जणांनी २००४ मध्ये त्या अर्थनिर्णयापुरती माघार घेतली, मुख्य लेखक वेकफील्ड यांनी घेतली नाही, आणि पूर्ण निबंध मागे घ्यायला २०१० चा फेब्रुवारी उजाडला. बारा वर्षे तो निबंध उभा होता आणि तेवढ्यात घरोघरी शंका पोचली. याच्या उलट, २०२० मध्ये कोविडवरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबद्दलचा निबंध त्याच जर्नलमध्ये २२ मे रोजी आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला, कारण सर्जिस्फिअर या कंपनीने पुरवलेला मूळ डेटा स्वतंत्र तपासणीसाठी मिळालाच नाही आणि चारपैकी तीन लेखकांनी स्वतःच हात काढून घेतला. मूळ कागद दाखवता येतात की नाही यावर संपादकाचा किती भर असतो हे त्यावरून दिसते, आणि तुमच्याकडे ते आहेत.

डागाबद्दल. लोकांच्या मनात हा शब्द लबाडीशी जोडला गेला आहे त्याला आधार आहे. २०१२ मध्ये जीववैद्यकातल्या २,०४७ मागे घेतलेल्या निबंधांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा दोन-तृतीयांश निबंधांमागे गैरवर्तन आणि सुमारे एक-पंचमांशांमागे निव्वळ चूक आढळली. २०२३ मध्ये तर वायली या प्रकाशकाच्या हिंदावी शाखेने एकाच वर्षात आठ हजारांहून अधिक निबंध मागे घेतले, त्यांत विकत तयार करून मिळणाऱ्या निबंधांचा आणि बनावट परीक्षणाचा मोठा भरणा होता. अशा ढिगाऱ्यात प्रामाणिक माणसाचा निबंधही पडला की लोक नाक मुरडणारच. पण म्हणूनच सूचनेचा मजकूर महत्त्वाचा ठरतो. चूक लेखकांनी स्वतः लक्षात आणून दिली, हे वाक्य त्यात असावे असा आग्रह जरूर धरा. वेब ऑफ सायन्स या निबंधसूचीतल्या नोंदींवर आधारलेला २०१३ चा एक अभ्यास असे सांगतो की निबंध मागे घेतल्यावर लेखकाच्या आधीच्या कामाचे संदर्भ घटतात, पण चूक लेखकाने स्वतः कळवली असेल तर तशी घट दिसत नाही. फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सायन्स या जर्नलमध्ये २०१९ ला आलेला त्यांचा निबंध पुन्हा करून पाहता येईना आणि प्रयोगवहीत त्या-त्या वेळच्या नोंदी सापडेनात, तेव्हा २०२० च्या जानेवारीत त्यांनी तो मागे घेतला आणि जाहीरपणे क्षमाही मागितली. गाइड सरांना हे उदाहरण सांगून पाहा. आमच्या पिढीच्या माणसाला नोबेलचे नाव पुरते.

---

निपाणीकर

थोडा वेगळा अनुभव सांगतो, कारण 'मागे घेणे' हाच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरला जातो आणि मी त्यातच फसलो होतो.

निबंध प्रसिद्ध होण्याआधी लेखकाने तो परत घेणे म्हणजे विथड्रॉवल. परीक्षण चालू असताना योग्य कारण देऊन तसे करता येते. स्वीकारलेला पण अंकात न लागलेला निबंध काही प्रकाशक लवकर संकेतस्थळावर टाकतात. त्या अवस्थेत गंभीर चूक निघाली तर त्यालाही 'विथड्रॉन' म्हणतात. अर्काइव्हसारख्या पूर्वमुद्रणाच्या, म्हणजे परीक्षणाआधीच निबंध टाकण्याच्या, ठिकाणी निबंध मागे घेतला तरी जुन्या आवृत्त्या तशाच वाचता येतात.

माझा निबंध तंबाखूच्या पानांवरच्या एका बुरशीबद्दल होता. एका जर्नलला पाठवला आणि दोन दिवसांत 'स्वीकृत' असे उत्तर आले. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारले, "दोन दिवसांत परीक्षकाने वाचला कधी?" तेव्हा डोळे उघडले. नीट पाहिले तर ते संकेतस्थळ एका खऱ्या जर्नलचे नाव लावून बसलेली नक्कल होती. मी निबंध परत मागितला तर त्यांनी परत घेण्याची फी मागितली, तीही डॉलरमध्ये. मी प्रताधिकाराच्या कागदावर सही केली नव्हती. तसे स्पष्ट लिहून, निबंध परत घेत असल्याचे तीनदा ईमेलने कळवले आणि फी दिली नाही. तरी त्यांनी तो टाकलाच.

पुढे दुसऱ्या, खऱ्या जर्नलला पाठवताना मी संपादकांना हा सारा पत्रव्यवहार आधीच दिला. तो दिला नसता तर तोच मजकूर दोन ठिकाणी छापल्याचा आरोप माझ्यावर आला असता, आणि अशा वेळी नंतर छापलेला निबंध मागे घेतला जातो. यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि आपल्यावरच येऊन पडली आहे, तेव्हा नव्या विद्यार्थ्यांनी ईमेल जपून ठेवावेत. ताईंच्या प्रकरणाशी याचा संबंध एवढाच की कागद हाताशी असला की संपादक ऐकतो.

---

हिरण्यकेशी

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण मधे काही गोष्टी घडल्या.

शहापूरकर दादांनी 'किती जणांनी वाचला असेल' असे विचारले ते डोक्यात राहिले. निबंध वीस जणांनीही वाचला नसेल, पण त्याचा एक पानाचा गोषवारा आम्हीच कन्नड आणि मराठीत करून त्या गावांच्या पंचायतींना दिला होता. संपादकांना पत्र लिहिण्याआधी मी गावात गेले. तो कागद पंचायतीच्या फलकावर अजून होता, एक कोपरा सुटलेला, वर रेशनची यादी. त्यावर 'सुरक्षित' हा शब्द दोन्ही लिप्यांत ठळक केलेला होता. ठळक मीच केला होता.

११.८ वाली विहीर ज्यांच्या परड्यात आहे त्या मावशींच्या घरी गेले. त्यांच्या सुनेचे बाळ चार महिन्यांचे आहे. नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात दूध कालवून दिले तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि त्वचा निळसर पडते, हे मी निबंधाच्या प्रस्तावनेत स्वतःच लिहिले आहे. मावशींनी विचारले, "मग उकळून देऊ काय?" उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटते आणि प्रमाण उलट वाढते, हे सांगताना मला माझ्याच तक्त्याची लाज वाटली. सुदैवाने बाळ अंगावरच पिते आहे आणि स्वयंपाकाला नळाचे पाणी येते. जुना कागद काढून मी नवा लावला, त्यावर दुरुस्तीची तारीख घातली आणि कोणत्या विहिरीचे पाणी बाळांना देऊ नये ते लिहिले. पंचायतीच्या कारकुनाने पोच दिली.

गाइड सरांना मी नोबेलची गोष्ट सांगितली नाही, तो फलकाचा फोटो दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पत्राचा मसुदा आण, मी पाहतो." मसुद्यात त्यांनी एकच बदल केला. 'पहिल्या लेखिकेच्या नजरचुकीने' असे मी लिहिले होते, ते खोडून त्यांनी 'लेखकांच्या नजरचुकीने' असे केले. चौघांच्याही सह्या झाल्या आणि पत्र गेले. संपादकांचे उत्तर आले आहे: मूळ अहवाल मिळाले, सुधारलेला तक्ता परीक्षकांकडे पाठवत आहोत, शुद्धिपत्र की मागे घेऊन बदलणे हे त्यानंतर ठरवू.

एक बारीक प्रश्न उरला आहे. प्रबंध दोन महिन्यांत सादर करायचा आहे आणि तोवर निर्णय लागणार नाही. चौथ्या प्रकरणात मी सुधारलेले आकडे वापरले आहेत. मग प्रसिद्ध निबंधांच्या यादीत या निबंधाची नोंद कशी करू?

---

पोथीघर

ताई, यादीतून वगळू नका. आहे तशी पूर्ण नोंद द्या आणि तिच्याखालीच एक ओळ लिहा: 'उन्हाळी नमुन्यांच्या नायट्रेट मूल्यांत एककाची चूक, दुरुस्तीसाठी संपादकांना अमुक तारखेस कळवले, सुधारलेली मूल्ये प्रकरण ४ मध्ये.' प्रकरणातल्या तक्त्याच्या डोक्यावर 'पूर्ण नायट्रेट म्हणून' असे एकक ठळक लिहा. सूचना प्रसिद्ध झाली की तिचा डीओआय त्या ओळीपुढे जोडा. तोवर प्रबंधाची बांधणी झाली असेल तर ग्रंथालयाच्या प्रतीत पेन्सिलीने लिहून घ्या. आमच्याकडची प्रत असेल तर मीच लिहीन.

---

मार्कंडेयकाठ

पोथीघरांशी सहमत. एक भर घालतो: मौखिक परीक्षेत परीक्षकांनी विचारण्याआधी ही गोष्ट तुम्हीच काढा, आणि त्या अहवालाची मूळ प्रत सोबत ठेवा.

---

शहापूरकर

गाइडने सही केली हे वाचून बरे वाटले. माझा अंदाज चुकला, तशी नोंद घ्यावी.